तीन हाडांची कुळकथा

मनुष्याच्या शरीरात दोनशेहून अधिक हाडे आहेत. त्यांतील सर्वांत लांब हाड मांडीचे, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु सर्वांत लहान हाड कोठे असते, असे विचारले तर पुष्कळ जण हाताच्या करंगळीकडे पाहू लागतात. ते हाड करंगळीत नाही; ते कानाच्या आत, दृष्टीआड दडलेले आहे. त्याची लांबी जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी असते. घोडेस्वार ज्या कडीत पाय अडकवतो त्या रिकिबीसारखा त्याचा आकार आहे, म्हणून त्यास 'रिकीब' असेच नाव मिळाले आहे. रिकिबीच्या शेजारी आणखी दोन इवली हाडे आहेत. त्यांच्या आकारावरून एकास 'ऐरण' व दुसऱ्यास 'हातोडी' असे म्हणतात.

ही तीन हाडे साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांना जोडलेली असतात. बाहेरचा आवाज कानाच्या पडद्यावर आदळला की पडदा थरथरतो. पडद्याला चिकटलेली हातोडी हलते, ती ऐरणीस हलवते आणि ऐरण रिकिबीस. रिकीब ती थरथर आतल्या कानातील द्रवाकडे पोहोचवते व तेथून आवाजाची वार्ता मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूपर्यंत जाते. आईची हाक, शाळेची घंटा, पावसाची रिपरिप, सारे काही आपल्याला या तीन हाडांच्या दारातूनच ऐकू येते.

गाय, कुत्रा, उंदीर, वटवाघूळ, हत्ती, देवमासा हे सर्व सस्तन प्राणी आहेत. त्यांच्यापैकी कोणाचाही कान तपासला तरी त्यात हीच तीन हाडे आढळतात. आता सरड्याचा, मगरीचा किंवा कोंबडीचा कान तपासा. तेथे तीन नव्हे, एकच हाड असते. ते रिकिबीच्या जागी असते. हातोडी व ऐरण यांचा मात्र तेथे पत्ताच नसतो. मग सस्तन प्राण्यांजवळच ही दोन हाडे अधिक कोठून आली?

या कोड्याबरोबर आणखी एक कोडे आहे. शेळीच्या खालच्या जबड्याची एक बाजू पाहिली तर ती संपूर्ण एकाच हाडाची बनलेली दिसते. दात त्याच हाडात रुतलेले असतात, म्हणून त्यास 'दंतास्थी' म्हणतात. आपल्या जबड्याचीही रचना तीच आहे; फक्त आपल्या दोन्ही बाजूंच्या दंतास्थी हनुवटीपाशी जुळून एकजीव झालेल्या असतात. सरड्याच्या जबड्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू अनेक हाडांची जुळवणी असते. पुढे दंतास्थी असते व मागे इतर लहान हाडे असतात. त्यांतले अगदी मागचे हाड म्हणजे 'संध्यस्थी'. कवटीला खालच्या बाजूस 'चतुष्कास्थी' नावाचे एक हाड असते. संध्यस्थी व चतुष्कास्थी जेथे एकमेकांना भिडतात, तेथे सरड्याच्या जबड्याची बिजागरी असते. आपल्या जबड्याच्या सांध्यात या दोहोंपैकी एकही हाड नाही. आपली दंतास्थी थेट कवटीलाच जाऊन भिडते.

दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहा. सरड्याच्या मानाने आपल्या कानात दोन हाडे अधिक आहेत आणि आपल्या जबड्याच्या सांध्यात दोन हाडे उणी आहेत. एका पेटीतून दोन नाणी नाहीशी व्हावीत आणि शेजारच्या पेटीत दोन नाणी जास्त निघावीत, तर आपल्या मनात कोणती शंका येईल?

हीच शंका कार्ल राइखर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या मनात दृढ झाली. त्याने डुकराच्या गर्भांचा बारकाईने अभ्यास केला. गर्भात हाडे आरंभी मऊ कूर्चेची असतात. त्यांची जागा कठीण हाड पुढे हळूहळू घेते. गर्भाच्या खालच्या जबड्यात कूर्चेची एक लांब काडी असते. मेकेल या शास्त्रज्ञाने १८२० साली तिचे वर्णन केले होते, म्हणून तिला 'मेकेलची कूर्चा' म्हणतात. राइखर्टने पाहिले की, या काडीचे पुढचे टोक हनुवटीकडे असते व मागचे टोक वाढत्या कानात शिरलेले असते. त्या मागच्या टोकापासूनच हातोडी तयार होते! तिच्या शेजारचा कूर्चेचा तुकडा ऐरण बनतो. पुढे मधली काडी विरून जाते व कानातील हाडांचा जबड्याशी असलेला संबंध तुटतो. सरड्याच्या पिल्लात मात्र काडीच्या त्याच मागच्या टोकापासून संध्यस्थी तयार होते. यावरून १८३७ साली राइखर्टने असे प्रतिपादन केले की, आपली हातोडी म्हणजे सरड्याची संध्यस्थी व आपली ऐरण म्हणजे सरड्याची चतुष्कास्थी होय. त्या काळी एका प्राण्यापासून दुसरा प्राणी उत्क्रांत होतो हा विचार सर्वमान्य झालेला नव्हता. डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर २२ वर्षांनी, १८५९ साली प्रकाशित झाला.

डार्विनच्या ग्रंथानंतर राइखर्टच्या शोधाला नवा अर्थ प्राप्त झाला. सस्तन प्राण्यांचे अतिप्राचीन पूर्वज आपला जबडा संध्यस्थी व चतुष्कास्थी यांच्या सांध्यावर हलवीत असले पाहिजेत आणि पुढे केव्हातरी हीच हाडे कानात गेली असली पाहिजेत, असा तो अर्थ होता. परंतु येथेच एक बिकट आक्षेप उभा राहिला. दाराची जुनी बिजागरी काढून नवी बसवायची, तर सुतार दार उतरवून ठेवतो. प्राण्याला आपला जबडा असा उतरवून ठेवता येईल काय? जुना सांधा सुटला आणि नवा अजून तयार झाला नाही, अशा अवस्थेत तो प्राणी खाणार काय आणि जगणार कसा? ज्याचा जबडा मिटत नाही त्याचा वंश एक पिढीही टिकणार नाही. आक्षेप साधा होता, पण त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नव्हते. आणि ते उत्तर गर्भात नव्हे, खडकांतच सापडणे शक्य होते.

नदीतळीच्या गाळात किंवा वाळूत पुरल्या गेलेल्या हाडांत कालांतराने खनिजद्रव्ये मुरतात, भोवतीच्या गाळाचा खडक होतो आणि हाडांचा आकार त्या खडकात जतन होऊन राहतो. यांनाच आपण जीवाश्म म्हणतो. खडकांचे थर एकावर एक साचत गेलेले असल्यामुळे खालचा थर जुना व वरचा नवा, असा त्यांचा क्रमही लावता येतो. या दगडी वहीची पाने शास्त्रज्ञांनी एकेक करून उलटली, तेव्हा सस्तन प्राण्यांच्या कुळाचा वृत्तान्त हळूहळू वाचता येऊ लागला.

त्या वृत्तान्तातील एक जुने पान अमेरिकेतील टेक्सासच्या तांबड्या खडकांत मिळाले. तेथे 'डायमेट्रोडॉन' नावाच्या प्राण्याचे सांगाडे सापडले. एडवर्ड कोप या शास्त्रज्ञाने १८७८ साली त्यास हे नाव दिले. हा प्राणी सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी राहत असे. तो सुमारे ३ मीटर लांब असून त्याच्या पाठीवर उंच काट्यांनी तोललेले, जहाजाच्या शिडासारखे पडदेवजा अंग होते. चित्रांत त्यास पुष्कळदा डायनोसॉरांच्या रांगेत उभे करतात. पण तो डायनोसॉर नव्हता. तो डायनोसॉरांच्या कित्येक कोटी वर्षे आधी होऊन गेला आणि त्याचे नाते त्यांच्यापेक्षा आपल्याशी जवळचे होते.

हे नाते कशावरून ओळखले, हे समजण्यासाठी एक लहानसा प्रयोग करा. डोळ्याच्या मागे, कानशिलावर बोटे ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली एक स्नायू फुगलेला जाणवेल. हा स्नायू कानशिलावरून निघतो, गालाच्या हाडाच्या कमानीखालून जातो व खालच्या जबड्यास जोडलेला असतो. कमानीच्या आतील ही पोकळी म्हणजे डोळ्यामागची एक खिडकीच होय. डायमेट्रोडॉनच्या कवटीत डोळ्याच्या मागे दोन्ही बाजूंस अशीच एकेक खिडकी होती. सरडे, मगरी व डायनोसॉर यांच्या घराण्यात मूळच्या खिडक्या दोन. तेव्हा एका खिडकीचे घराणे आणि दोन खिडक्यांचे घराणे असे हे दोन भाऊबंद सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच विभक्त झालेले होते. डायमेट्रोडॉन आपला थेट पूर्वज मात्र नव्हे. एखाद्या कुळात थोरल्या पातीचा वंश खुंटावा आणि धाकट्या पातीचा विस्तार व्हावा, तसे येथे घडले. डायमेट्रोडॉन खुंटलेल्या पातीतला. पण त्याच्याकडे पाहून कुळाची जुनी ठेवण कशी होती ते कळते. जुन्या पुस्तकांत अशा प्राण्यांना 'सस्तनसदृश सरीसृप' म्हणत. आज ते नाव मागे पडले आहे. कारण ते सरीसृपांच्या नव्हे, आपल्याच घराण्यातले होते.

डायमेट्रोडॉनच्या खालच्या जबड्यात अनेक हाडे होती आणि त्याची बिजागरी जुन्याच पद्धतीची होती. पुढे मात्र या कुळात एक हळूहळू होणारा पालट दिसू लागतो. तो पाहण्यासाठी आपल्याला दक्षिण आफ्रिकेतील कारू नावाच्या रुक्ष, विस्तीर्ण प्रदेशाकडे वळले पाहिजे. येथील खडकांत आपल्या कुळातील प्राण्यांची असंख्य हाडे दडलेली आहेत. त्यांच्या अभ्यासात रॉबर्ट ब्रूम या संशोधकाने आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला. ब्रूम मूळचा व्यवसायाने डॉक्टर होता. रोग्यांची सेवा करता करता त्याने या दगडी हाडांचा ध्यास घेतला.

कारूमधील 'थ्रिनॅक्सोडॉन' हा प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या दाढांना तीन तीन टोके होती, म्हणून त्याला मिळालेल्या ग्रीक नावाचा अर्थ 'त्रिशूळदंती' असा होतो. तो मांजराहून मोठा नव्हता. बिळात राहत असे आणि कुत्र्यासारखे अंगाचे वेटोळे करून निजत असे. कारण त्याच अवस्थेत दगड झालेले त्याचे सांगाडे मिळाले आहेत. त्याचे पुढचे दात कापण्यासाठी, सुळे फाडण्यासाठी व दाढा चावण्यासाठी, अशी दातांची वाटणी झालेली होती. तोंड व नाक यांमध्ये हाडाचे टाळू होते. त्यामुळे घास तोंडात असतानाही त्याला श्वास घेता येई. त्याच्या जबड्यात दंतास्थी फार मोठी झाली होती. तिचा मागचा भाग उंच होऊन कानशिलाच्या खिडकीत शिरला होता व त्यावर चावण्याचे बळकट स्नायू जखडलेले होते. बाकीची हाडे आक्रसून दंतास्थीच्या आतल्या बाजूच्या एका पन्हळीत जाऊन बसली होती. तरी जबड्याची बिजागरी अजूनही त्याच जुन्या दोन हाडांची होती.

हे घराणे केवळ आफ्रिकेतच नांदत होते असे नाही. त्या काळी आफ्रिका, भारत व अंटार्क्टिका हे भूभाग एकमेकांना जोडलेले होते. आपल्या मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून भूशास्त्रज्ञांनी येथील खडकांच्या एका मालिकेस 'गोंडवन' हे नाव दिले आणि पुढे त्या प्राचीन अखंड भूमीसही 'गोंडवनभूमी' म्हणू लागले. 'लिस्ट्रोसॉरस' हा आपल्याच कुळाच्या दुसऱ्या एका पातीतला, दोन सुळ्यांचा व चोचीसारख्या तोंडाचा प्राणी होता. त्याची हाडे कारूत मिळतात, बंगालमध्ये राणीगंजजवळ दामोदर नदीच्या खोऱ्यात मिळतात आणि १९६९ साली ती अंटार्क्टिकाच्या बर्फाळ प्रदेशातही मिळाली. असा जमिनीवर चालणारा प्राणी समुद्र पोहून तेथे जाणे संभवत नाही. तेव्हा या भूमी पूर्वी एक होत्या, याची साक्ष लिस्ट्रोसॉरसनेही दिली आहे.

आता आपल्या मूळ आक्षेपाकडे वळू. जुनी बिजागरी गेली कशी आणि नवी आली कशी? १९५८ साली क्रॉम्प्टन या संशोधकाने दक्षिण आफ्रिकेतील एका प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची दंतास्थी मागे वाढत वाढत कवटीला जाऊन टेकली होती आणि शेजारीच जुना सांधाही शाबूत होता. क्रॉम्प्टनने त्याचे नाव 'डायार्थ्रोग्नॅथस', म्हणजे 'दोन सांध्यांचा जबडा' असे ठेवले आणि नावाच्या उत्तरार्धात वृद्ध संशोधक ब्रूमचे स्मरण केले.

याहूनही स्पष्ट पुरावा ब्रिटनमधील वेल्स प्रांतातून मिळाला. तेथील चुनखडीच्या खाणींत प्राचीन भेगा गाळाने भरून गेलेल्या आहेत. त्या गाळात वाल्टर क्यूने या शास्त्रज्ञास एक अतिशय लहान दात सापडला. १९४९ साली त्याने त्या प्राण्यास 'मॉर्गन्यूकोडॉन' हे नाव दिले. पुढे वेल्समधून व चीनमधूनही याची हाडे मिळाली. वेल्समधील जबड्याचे शेकडो तुकडे जुळवून केनेथ करमॅक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली त्याची संपूर्ण रचना वर्णिली. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी चिचुंद्रीएवढा होता. त्याची कवटी अवघी दोन-तीन सेंटिमीटर लांब होती. त्या चिमुकल्या जबड्यात दोन्ही बिजागऱ्या एकाच वेळी काम करीत होत्या! बाहेरच्या बाजूस दंतास्थीच्या गोलसर टोकाचा कवटीशी झालेला नवा, बळकट सांधा होता आणि त्याच्या आत, अगदी लगत, संध्यस्थी व चतुष्कास्थी यांचा जुना, नाजूक झालेला सांधा होता.

आक्षेपाला उत्तर मिळाले ते असे. निसर्गाने दार उतरवून ठेवलेच नाही. आधी जुन्या बिजागरीच्या शेजारी नवी बसली. नवीवर दाराचा भार पडू लागल्यावर मग जुनी मोकळी झाली. या कुळातील प्राण्यांना एक दिवसही उपाशी राहावे लागले नाही.

पण जबड्याचे हाड कानाचे काम कसे करू लागले, हा प्रश्न उरतोच. त्याचेही उत्तर या हाडांच्या जागेतच आहे. आपल्या कुळातील प्राचीन प्राण्यांत चतुष्कास्थी मुळातच रिकिबीला टेकलेली होती. म्हणजे ऐरण आणि रिकीब यांचा शेजार फार जुना आहे. म्हणून जबड्याला पोहोचलेली थरथर या हाडांतून रिकिबीकडे जात असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. ही हाडे दीर्घकाळ चावण्याचे आणि ऐकण्याचे अशी दुहेरी चाकरी करीत होती. हाड जड असेल तर ते फक्त मंद व मोठ्या कंपनांनीच हलते. हलके असेल तर बारीक, तीव्र आवाजांनीही थरथरते. नव्या सांध्याने चावण्याचा भार उचलताच ही हाडे आणखी लहान व हलकी होऊ शकली आणि जितकी ती हलकी झाली तितकी त्यांची श्रवणशक्ती सूक्ष्म झाली. जबड्यातील आणखी एक हाड, 'कोनास्थी', वाकून कडीसारखे झाले. आपल्या कानाचा पडदा ज्या हाडाच्या कड्यावर ताणून बसवलेला असतो, ते कडे म्हणजे हीच कोनास्थी.

जबड्यापासून कान सुटत असतानाचे पानही खडकांनी जपून ठेवले आहे. चीनमधील यान पर्वतांच्या प्रदेशात सापडलेल्या 'यानोकोनोडॉन' या प्राण्याचे वर्णन २००७ साली प्रसिद्ध झाले. हा सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा, वीतभरही लांब नसलेला सस्तन प्राणी. त्याची हातोडी व ऐरण आपल्या हाडांसारखीच लहान व सुबक होती. परंतु ती जबड्यापासून पुरती सुटलेली नव्हती. मेकेलच्या कूर्चेची काडी त्याच्या अंगी हाडासारखी कठीण होऊन कायम राहिली होती आणि तिने कानाला जबड्याशी बांधून ठेवले होते. राइखर्टने डुकराच्या गर्भात जी काडी पाहिली होती, तीच ही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या गोष्टीस खडकाने अशी १७० वर्षांनी पुष्टी दिली. आणखी जीवाश्म मिळाल्यावर असेही दिसून आले की, कान जबड्यापासून सुटण्याची ही घटना सस्तनांच्या निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे, एकाहून अधिक वेळा घडली आहे.

हा बदल पाहण्यासाठी नेहमी खडकच फोडावे लागतात असेही नाही. अमेरिकेत ऑपोसम नावाचा, कांगारूसारखा पोटाशी पिशवी असलेला प्राणी आहे. त्याचे पिल्लू जन्मते तेव्हा मधमाशीएवढे असते व त्याची पुष्कळशी वाढ जन्मानंतर आईच्या पिशवीत होते. जन्माच्या वेळी त्याच्या जबड्याचा नवा सांधा तयारच झालेला नसतो आणि पुढे कानात जाणारे भाग मेकेलच्या कूर्चेमार्फत अजून जबड्यालाच जोडलेले असतात. काही आठवड्यांत नवा सांधा तयार होतो, कूर्चेचा दुवा तुटतो आणि हातोडी कानात स्वतंत्र होते. कोट्यवधी वर्षांत कुळाने जो प्रवास केला, त्याची खूण हे इवले पिल्लू आजही आपल्या अंगी बाळगते. आपणही जन्मापूर्वी, आईच्या उदरात असताना, त्या वाटेने आलो आहोत. आज कानाच्या अगदी पुढे बोट टेकवून तोंड उघडले व मिटले, तर जबड्याचा सांधा तेथे हलताना जाणवतो. कान आणि जबडा यांचा हा निकट शेजार आकस्मिक नाही.

या बदलाने सस्तन प्राण्यांना काय लाभले? पहिले सस्तन प्राणी लहान होते. दिवसा मोठ्या प्राण्यांचे राज्य असे; हे बहुधा रात्री हिंडून किडे टिपीत. अंधारात डोळ्यांपेक्षा कानाचा आधार अधिक. पाचोळ्यात सरपटणाऱ्या किड्याची बारीक सळसळ ज्याला ऐकू येई, त्याला भक्ष्य मिळे. आणि शत्रूची चाहूल ज्याला आधी लागे, तो वाचे. म्हणून तीन हाडांचा हा कान त्यांना वरदान ठरला. आज मनुष्याला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे आवाज ऐकू येतात; काही वटवाघळांना तर एक लाखाहूनही अधिक कंपनांचे आवाज ऐकू येतात व त्यांच्या प्रतिध्वनीच्या आधारे ती अंधारात उडतात. एका हाडाच्या कानाला इतकी उंच पट्टी गाठता येत नाही.

या प्राचीन सस्तनांचे वास्तव्य आपल्या भागातही होते. महाराष्ट्र व तेलंगण यांच्या सीमेवर, प्राणहिता व गोदावरी यांच्या खोऱ्यात, 'कोटा' नावाने ओळखले जाणारे खडक आहेत. त्या खडकांतून सस्तन प्राण्यांचे टाचणीच्या माथ्याएवढे बारीक दात मिळाले आहेत. त्यांतील एका प्राण्यास १९८१ साली भारतीय शास्त्रज्ञ दत्ता यांनी 'कोटाथेरियम' असे नाव दिले आणि नावाच्या दुसऱ्या भागात, भारतास आपली कर्मभूमी मानणाऱ्या जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाचे स्मरण केले. हे दात शोधण्यासाठी पोतीच्या पोती माती आणून पाण्यात विरघळवावी लागते, चाळणीतून गाळावी लागते व उरलेला चाळ दाणा दाणा करून भिंगाखाली पाहावा लागतो. धान्य निवडणाऱ्या गृहिणीची चिकाटी ज्याच्या अंगी आहे, त्यालाच ही दौलत गवसते.

तीन हाडांची ही कुळकथा आपल्याला दोन गोष्टी शिकवते. पहिली ही की, निसर्ग नवी वस्तू घडविताना सहसा नवे साहित्य आणीत नाही. घरातल्या जुन्या लुगड्याची गोधडी व्हावी, तसे तो जुन्याच अवयवांना नवे काम देतो. जे हाड एके काळी भक्ष्य धरून ठेवण्यासाठी झिजत होते, तेच आज आपल्याला संगीत ऐकवते. दुसरी गोष्ट ही की, कठीण प्रश्नाला भिऊन तो टाळण्यात ज्ञान नाही. 'मधल्या अवस्थेत प्राणी जगला कसा?' हा आक्षेप रास्त होता आणि तो ज्यांनी मनापासून स्वीकारला, त्यांनीच उत्तराचा पाठपुरावा केला. एकाने गर्भ पाहिले, दुसऱ्याने कारूचे दगड फोडले, तिसऱ्याने वेल्सची माती चाळली. त्यांचे देश निराळे आणि काळ निराळा. तरी सर्वांच्या हाती आलेले तुकडे एकमेकांत चपखल बसले. एकमेकांना न भेटलेले साक्षीदार जेव्हा एकच हकीकत सांगतात, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नसते.

अभ्यास

१. सरड्याचा कान व जबडा आणि मनुष्याचा कान व जबडा यांच्या रचनेत कोणता फरक आहे?

२. राइखर्टने डुकराच्या गर्भात काय पाहिले? त्यावरून त्याने कोणता निष्कर्ष काढला?

३. राइखर्टच्या शोधातून निघालेल्या विचारावर कोणता आक्षेप उभा राहिला? मॉर्गन्यूकोडॉनच्या जबड्याने त्याचे निरसन कसे झाले?

४. 'डायमेट्रोडॉन हा खुंटलेल्या पातीतला' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

५. आकाराने लहान होण्यामुळे हातोडी व ऐरण यांना कोणता लाभ झाला?

६. जुन्या वस्तूला नवे काम दिल्याची तुमच्या घरातील दोन उदाहरणे द्या व त्यांविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.